परमुलखातील मजुरांचे कैवारी : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

पोटासाठी गाव सोडून परमुलखात जाणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांस सांगावयास नको. आपल्या गावात मनुष्य कितीही गरीब असला तरी त्याला चार ओळखीची माणसे असतात. संकट आले तर कोणाच्या दारी जावे हे त्याला कळते. परमुलखात तसे नसते. तेथील भाषा त्याला येत नाही, तेथील कायदा त्याला ठाऊक नसतो, आणि जो त्याला मजुरी देतो त्याच्याच हाती त्याचे अन्न, त्याची झोपडी व पुष्कळदा त्याचा परतीचा रस्ताही असतो. अशा मनुष्याचे रक्षण कोणी करावे? जो देश तो सोडून गेला त्याने, की ज्या देशात तो घाम गाळतो त्याने? नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे नाव शाळेतील मुलांसही माहीत आहे. परंतु त्यांनी आपल्या आयुष्याची शेवटची सहा वर्षे ह्या प्रश्नासाठी किती झिजविली हे थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून त्यांचे चरित्र विशेषतः त्या बाजूने येथे देत आहो.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक ह्या गावी झाला. घराणे ब्राह्मणाचे असले तरी श्रीमंतीचे नव्हते. वडील कृष्णराव हे कोल्हापूरकडे कागल येथे नोकरीस होते. ते १८७९ साली वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. वडील बंधू गोविंदराव ह्यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतून आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे कुटुंब चाले. गोपाळ आपला स्वयंपाक आपण करी, आणि दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करी. दुसऱ्याने पोटाला चिमटा घेऊन पाठविलेल्या पैशाची किंमत काय असते, हे ज्ञान त्याला अशा रीतीने लहानपणीच झाले. पुढे हजारो लोकांच्या वर्गणीचा पैसा त्यांच्या हातून गेला. तो त्यांनी ज्या काळजीने वापरला त्या काळजीचे मूळ आपणांस ह्या आठ रुपयांत सापडेल.

१८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी किंवा वकिली करणे त्यांस शक्य होते. परंतु ते पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर शिकवू लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरू. रानड्यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपण केले. आकडे तपासणे, अर्ज लिहिणे, सरकारी अहवाल बारकाईने वाचणे आणि एक शब्दही अधिकउणा न लिहिणे ही शिस्त त्यांस तेथे लागली.

१८९७ साली त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. ते साक्ष देण्यासाठी इंग्लंडात गेले असता पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचे काम चालू होते. त्या कामावरील गोऱ्या शिपायांनी स्त्रियांशी अत्याचार केल्याची पत्रे पुण्याहून त्यांच्याकडे आली, आणि त्यांच्या आधारे त्यांनी तेथे आरोप जाहीर केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा पत्रे लिहिणारांपैकी कोणीही पुढे येईना. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून उघडपणे क्षमा मागितली. ह्याबद्दल त्यांची पुष्कळ निंदा झाली. पण त्यांनी त्यातून एक धडा घेतला : दुर्बळाची बाजू घेणाराने पुरावा आधी हाती घ्यावा, आणि मग तोंड उघडावे. पुढे परमुलखातील मजुरांची फिर्याद त्यांनी मांडली तेव्हा तिच्यातील एकही आकडा विरोधकांस खोटा ठरविता आला नाही.

१९०२ सालापासून ते हिंदुस्थान सरकारच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात बसू लागले. तेथे त्यांनी जमाखर्चाच्या अंदाजपत्रकांवर केलेली भाषणे ऐकून अधिकारीही त्यांचा वचक बाळगीत. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. थोड्या वेतनावर जन्मभर लोकसेवा करण्याची शपथ घेणारे तरुण तयार करणे हा त्या समाजाचा हेतू होता. त्याच वर्षी ते काशी येथील काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुलांस सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १९११ साली आणलेले विधेयक पुढील वर्षी नामंजूर झाले. त्यांचे हे काम सर्वश्रुत आहे. आता परमुलखातील मजुरांच्या गोष्टीकडे वळू.

इंग्रजी राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. गुलाम मोकळे झाले, परंतु उसाच्या मळ्यांस माणसे हवीच होती. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. पाच वर्षांच्या कराराच्या कागदावर गरीब मनुष्याचा अंगठा घ्यावयाचा आणि त्याला जहाजात बसवावयाचे, अशी रीत सुरू झाली. ह्या कराराला इंग्रजीत अॅग्रीमेंट म्हणतात; आमच्या मजुरांच्या तोंडी त्याचे गिरमिट झाले, आणि त्यावर जाणारा तो गिरमिटिया. १८३४ पासून असे लोक मॉरिशस बेटास जाऊ लागले. बहुतेक जहाजे कलकत्ता व मद्रास येथून सुटत. तथापि मुंबई बंदरातूनही कोकणातील मराठी माणसे मॉरिशसला गेली, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. कळंबच्या किनाऱ्यावरून जो समुद्र आपणांस दिसतो, त्याच समुद्रावरून ती गेली.

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेस नाताळ नावाचा प्रांत आहे. वास्को द गामा हा पोर्तुगीज दर्यावर्दी १४९७ साली ख्रिस्तजन्माच्या सणाच्या सुमारास त्या किनाऱ्याजवळून गेला, म्हणून त्या भूमीस हे नाव पडले. नाव सणाचे, परंतु तेथे जाणाऱ्या गिरमिटियांच्या वाट्यास सण थोडा व कष्ट फार आले. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ट्रुरो नावाचे जहाज मद्रासेहून पहिले मजूर घेऊन डर्बन बंदरास लागले. त्यानंतर १९११ पर्यंत सुमारे दीड लाख हिंदी माणसे ह्या करारावर नाताळात उतरली.

करार काय होता? पहिल्या वर्षी दरमहा दहा शिलिंग मजुरी, व पुढे दरवर्षी एक शिलिंग वाढ. करार मोडणे, कामावर न येणे किंवा परवान्यावाचून मळ्याबाहेर जाणे हा फौजदारी गुन्हा असे, आणि त्यास तुरुंग मिळे. दुसरा कोणी नोकर काम सोडून गेला तर मालकाने फार तर त्याच्यावर दावा करावा. गिरमिटिया गेला तर त्याला शिपाई धरून आणीत. स्थलांतर करून आलेल्यांचा रक्षक म्हणून सरकारी अधिकारी होता खरा. परंतु दूरच्या मळ्यावरील मनुष्याने त्याच्यापर्यंत पोहोचावे कसे? शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविण्याचा नियम होता, आणि त्यामुळे संसारांची काय दशा झाली असेल ते सांगण्याची गरज नाही.

पाच वर्षे संपल्यावर पुष्कळ मजूर तेथेच राहून भाजीपाला पिकवू लागले, छोटे व्यापार करू लागले. हे गोऱ्या वसाहतवाल्यांस रुचेना. मजूर हवा, पण शेजारी नको, असा त्यांचा विचार. म्हणून करार संपलेल्या व मायदेशी न परतणाऱ्या प्रत्येक हिंदी मनुष्यावर दरसाल पंचवीस पौंड कर बसवावा अशी नाताळ सरकारने मागणी केली. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन ह्यांनी ती तीन पौंडांवर आणून मान्य केली, आणि १८९५ साली तसा कायदा झाला. तीन पौंड म्हणजे त्या काळचे पंचेचाळीस रुपये. ज्याने पहिल्या वर्षी सर्व मिळून सहा पौंड कमाविले त्याची ही सहा महिन्यांची मजुरी. कर एकट्या पुरुषावर नव्हता. पत्नी, सोळा वर्षांवरील मुलगा व तेरा वर्षांवरील मुलगी ह्यांच्यावरही होता. मोठी दोन मुले असलेल्या कुटुंबाने दरसाल बारा पौंड आणावे कोठून? हा कर पैशासाठी नव्हताच. मनुष्याने एक तर परत गिरमिटात शिरावे किंवा देश सोडावा, हा त्याचा हेतू होता.

ह्या लोकांचे वकील मोहनदास करमचंद गांधी हे होते. १८९६ साली ते पुण्यास आले असता फर्ग्युसन कॉलेजात त्यांची व गोखल्यांची पहिली भेट झाली, आणि पुढे १९०२ च्या आरंभी कलकत्त्यास ते महिनाभर गोखल्यांच्या घरी राहिले. तेव्हापासून दोघांचा स्नेह जडला. नाताळच्या शेजारील ट्रान्सवाल प्रांतात १९०६ साली असा हुकूम निघाला की, प्रत्येक हिंदी मनुष्याने बोटांचे ठसे देऊन आपले नाव नोंदवावे व तो दाखला सदैव जवळ बाळगावा. त्याविरुद्ध गांधींनी सत्याग्रह मांडला. शेकडो लोक तुरुंगात गेले. १९०८ साली गांधींवर रस्त्यात हल्ला होऊन ते जखमी झाले तेव्हा जोसेफ डोक नावाच्या बाप्टिस्ट पाळकाने त्यांस आपल्या घरी नेले, आणि त्याच्या कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली. परदेशातील संकटात असलेल्या मनुष्यास दार उघडणे हे काम त्या पाळकाने आपल्याच मंडळीतील पुष्कळांचा रोष पत्करून केले.

तुरुंगात गेलेल्यांच्या मागे बायकामुले होती. दुकाने बंद पडली होती. खटले, कचेरीचे भाडे, लंडनमध्ये दाद मागण्याचा खर्च, लढ्याची हकीकत छापणारे वर्तमानपत्र, ह्या सर्वांस पैसा लागे. परमुलखातील गरीब लोक आपला पैसा घालून थकले होते. त्या वेळी, म्हणजे १९०९ साली, गोखल्यांनी हे काम आपले म्हणून हाती घेतले. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा ह्यांनी पंचवीस हजार रुपये दिले. डिसेंबर महिन्यात लाहोर येथे काँग्रेस भरली असता गोखल्यांनी मजुरांची कहाणी सांगितली, आणि सभेतच लोकांनी वर्गणी दिली. रतन टाटांनी पुढे तितकीच रक्कम पुनःपुन्हा देऊन १९१३ पर्यंत एकंदर सव्वा लाख रुपये दिले.

पैशाचे काय झाले हे कळणे महत्त्वाचे आहे. १९१० साली हर्मन कॅलेनबाख नावाच्या यहुदी गृहस्थाने जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकरांची शेतवाडी सत्याग्रहींच्या कुटुंबांस राहण्यासाठी दिली. तिला टॉलस्टॉय शेतवाडी म्हणत. तुरुंगात गेलेल्यांची बायकामुले तेथे राहून काम करीत, मुले शिकत, आणि खर्च पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी होई. दान मिळालेला पैसा फार काळ पुरावा हा त्यांतील विचार. गांधी प्रत्येक रकमेचा हिशेब लिहून पाठवीत. कुटुंबांस किती दिले, कचेऱ्यांस किती, कायद्याच्या कामास किती, हे दात्यांस कळे. हिशेब मिळाला म्हणून विश्वास राहिला, आणि विश्वास राहिला म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसा आला.

परंतु नुसत्या दानाने हे दुःख मिटणार नाही हे गोखले जाणून होते. नाला वाहता ठेवून खाली पाणी उपसण्यासारखे ते झाले असते. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कौन्सिलात ठराव आणला की, नाताळसाठी करारावर मजूर भरती करणे बंद करावे. सरकारने तो मानला, आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला : कोणत्याही देशासाठी गिरमिटाची पद्धतच असू नये. ह्या ठरावाच्या बाजूस बावीस मते पडली व विरुद्ध तेहतीस. ठराव बुडाला, पण कौन्सिलातील लोकपक्षाचे हिंदी सभासद एकदिलाने एका बाजूस उभे राहिलेले सरकारने पाहिले, आणि ही गोष्ट फार दिवस टाळता येणार नाही हे उघड झाले.

त्याच वर्षी गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. त्यांस मधुमेहाचा विकार होता, प्रकृती खालावली होती. तरी ऐकलेल्या गोष्टीवर न राहता डोळ्यांनी पाहावे हा त्यांचा नेम. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केप टाउन बंदरास उतरले, आणि शहरोशहरी मजुरांच्या व व्यापाऱ्यांच्या सभा घेत फिरले. तेथे कोकणी मुसलमान व महाराष्ट्रातील हिंदू पुष्कळ होते. त्यांस गोखल्यांच्या तोंडून मराठी ऐकण्याची हौस होती. गांधींच्या आग्रहावरून ते अशा सभांतून मराठीत बोलत, आणि गांधी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करून सांगत. घर सोडून हजारो कोस आलेल्या मनुष्यास मायबोली कानी पडणे हे काय सुख असते ते परमुलखात राहिलेल्यासच कळेल.

टॉलस्टॉय शेतवाडीवर ते पावसात भिजत गेले, आणि त्यांस सर्दी झाली. त्यांच्यासाठी खाट मांडली होती. परंतु इतर सर्व माणसे जमिनीवर निजतात हे पाहून त्यांनी ती काढावयास लावली, व आपले अंथरुण जमिनीवर घालविले. १४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरिया येथे जनरल बोथा, जनरल स्मट्स व फिशर ह्या मंत्र्यांशी त्यांची भेट ठरली. गांधींनी वीस वर्षांची सारी हकीकत लिहून दिली होती. गोखल्यांनी ती बारकाईने वाचून मनात साठविली, आणि मगच भेटीस गेले. तीन पौंडांचा कर जाणार, असे समजून ते परत निघाले. गांधींस मात्र तितका भरवसा वाटला नाही.

गांधींची शंका खरी ठरली. १९१३ साली स्मट्स ह्यांनी कर उठविण्यास नकार दिला, आणि गोखल्यांस दिलेला शब्द मोडला असे हिंदी लोकांस वाटले. त्याच वर्षी १४ मार्च रोजी केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल ह्यांनी असा निवाडा दिला की, ख्रिस्ती विधीने झालेली किंवा सरकारात नोंदलेली लग्ने तेवढी कायद्याने खरी. एका निवाड्याने हजारो हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रिया परक्या देशात पत्नीच्या हक्कास मुकल्या. ह्या निवाड्यात आपल्या धर्माचे नाव आले होते, म्हणून तो ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. धर्माच्या नावावर शेजाऱ्याचे घर मोडता कामा नये.

पुन्हा लढा ठरला. गोखल्यांनी गांधींस विचारले की, किती माणसे तयार आहेत व पैसा किती लागेल. गांधींनी कळविले की, फार तर पासष्ट-सहासष्ट आणि कमीत कमी सोळा माणसे निश्चित आहेत, आणि हिंदुस्थानाकडून पैशाची अपेक्षा नाही. परंतु झाले ते निराळेच. शेतवाडीवरच्या अकरा स्त्रिया नाताळातील न्यूकॅसल गावी गेल्या, व त्यांनी कोळशाच्या खाणींतील गिरमिटियांस कराविरुद्ध काम थांबविण्यास सांगितले. हजारो खाणमजूर बाहेर पडले. मालकांनी त्यांच्या झोपड्यांतील दिवे व पाणी तोडले. न्यूकॅसल येथे लाझरस नावाचा मद्रासी ख्रिस्ती गृहस्थ राहत होता. त्याचे घर दोनतीन खोल्यांचे. त्याने व त्याच्या पत्नीने त्या स्त्रियांस व गांधींस घरात ठेवून घेतले. मजुरांचे लोंढे दारी आले, अंगण भरून गेले, चूल रात्रंदिवस पेटलेली राहिली. सरकारचा रोष होईल हे त्यांस ठाऊक होते. त्यांच्याजवळ मोठा पैसा नव्हता. होते ते घर त्यांनी खुले केले.

६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले सरहद्द ओलांडून ट्रान्सवालात शिरली. मनुष्यामागे दररोज दीड पौंड पाव व थोडी साखर एवढाच शिधा. गांधींस धरून तुरुंगात घातले. मजुरांस आगगाडीत भरून परत खाणींवर नेले, आणि खाणींनाच तुरुंग ठरवून कामावर जुंपले. तरी संप मळ्यांतून पसरतच गेला. गोळीबार झाला व कित्येक मेले.

ह्या वेळी गोखले फार आजारी होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असताही ते रोजच्या तारा वाचीत, उत्तरे लिहवीत, गावोगाव सभा घेऊन फंड जमवीत. सोळा माणसांचा अंदाज हजारोंवर गेला होता, आणि पैशाची गरज नाही म्हणणाऱ्यास आता पैसा हवाच होता. तो गोखल्यांनी तारेने पाठविला. श्रीमंतांनी दिले तसे शाळेतील मुलांनी व गरिबांनीही दिले. दिल्लीच्या सेंट स्टीफन कॉलेजातील मिशनरी चार्लस अँड्र्यूज ह्यांनी आपली साठविलेली रक्कम ह्या फंडास देऊ केली. गोखल्यांनी त्यांस व त्यांचे मित्र विल्यम पिअर्सन ह्यांस प्रत्यक्ष आफ्रिकेस पाठविले, आणि १९१४ च्या जानेवारीच्या आरंभी ते डर्बनास पोहोचले. मद्रासचे बिशप व्हाइटहेड ह्यांनी उघड सभेत सत्याग्रहींची बाजू घेतली. २४ नोव्हेंबर १९१३ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज ह्यांनीही मद्रास येथे मजुरांविषयी सहानुभूती बोलून दाखविली.

चौकशीसाठी आफ्रिका सरकारने एक कमिशन नेमले. त्यात हिंदी लोकांस मान्य असा एकही सभासद नाही म्हणून गांधींनी त्यापुढे साक्ष न देण्याचे ठरविले. गोखल्यांस हे पसंत नव्हते. साक्ष द्यावी, हट्ट धरू नये, असे त्यांचे मत होते, आणि व्हाइसरॉयांपुढे त्यांची अडचण झाली. त्यांस दुःख झाले. पण त्यांनी मदत थांबविली नाही. मतभेद झाला म्हणून तुरुंगातील मजुराच्या मुलाची भाकर थांबवावी असे त्यांच्या मनास शिवलेही नाही. वर्गणी जमविणाऱ्या मंडळ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुष्कळ चांगली कामे पैशाच्या अभावाने नव्हे तर चालकांच्या रुसव्याने मोडतात.

१९१४ च्या मध्यास समेटाचा कायदा झाला. तीन पौंडांचा कर रद्द झाला, मागील थकबाकी माफ झाली, आणि हिंदी लोकांची लग्ने कायद्याने मानली गेली. सर्व दुःखे दूर झाली नाहीत. मतदानाचा हक्क मिळाला नाही, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्याची मोकळीक मिळाली नाही. आणि त्या भूमीच्या मूळ काळ्या रहिवाशांचे दुःख तर ह्या समेटात आलेच नाही. तथापि सर्वांत दुबळ्या मजुराच्या मानेवरील जू उतरले.

गोखल्यांस ह्यापुढे फार दिवस लाभले नाहीत. गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस परतले. गोखले आजारी असतानाही त्यांच्या स्वागतास मुंबईस गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास गोखल्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी १९१२ साली मांडलेला व हरलेला ठराव मेला नाही. अँड्र्यूज व पिअर्सन ह्यांनी १९१५ साली फिजी बेटांस जाऊन तेथील मजुरांची स्थिती पाहिली व लिहून काढली. १९१६ साली मदनमोहन मालवीय ह्यांनी तोच ठराव पुन्हा आणला आणि सरकारने तो मान्य केला. १९१७ साली गिरमिटाची भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. १९२२ साली परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी नवा कायदा झाला. पेरणी एकाने केली, कापणी दुसऱ्यांनी केली.

आता आपल्याकडे पाहू. वसई तालुक्यात आज परप्रांतांतून आलेली असंख्य माणसे बांधकामांवर व कारखान्यांत राबतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा ह्या भागांतून आदिवासी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात. पुष्कळांनी आधीच उचल घेतलेली असते, आणि हिशेब भट्टीवाल्याच्या वहीत असतो. गिरमिटाचा कागद गेला तरी ही वही उरली आहे. १९७६ साली वेठबिगार बंद करणारा कायदा झाला. त्याप्रमाणे उचल फिटली नाही म्हणून कोणासही अडकवून ठेवता येत नाही, आणि असे कर्जच रद्द होते. १९८२ साली ह्याच वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटना उभी राहिली. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती, आणि वेठीस धरलेली माणसे ह्यांस सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. कायदा आहे, परंतु परगावच्या अनोळखी मजुरास त्याच्या दारापर्यंत नेणारा कोणी हवा.

हे काम कोणत्याही गावच्या मंडळीस करता येण्याजोगे आहे. गोखल्यांच्या चरित्रातून त्याची रीत स्पष्ट दिसते. प्रथम जाऊन पाहावे. मजुरांची नावे, त्यांनी घेतलेली उचल व मिळालेली मजुरी नीट लिहून घ्यावी, आणि न पाहिलेले बोलू नये. मग थोडा का होईना, नेमाने फंड काढावा; तालुक्यास जाण्याचे भाडे, अर्जाचा खर्च, आजारी मुलाचे औषध, खटला चालेपर्यंतचे धान्य, एवढ्यासाठीच अनेक खऱ्या फिर्यादी अडून पडतात. फंडाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. आणि शेवटी दान देऊन थांबू नये. ज्या अन्यायामुळे दान लागले तो कायद्याने दूर होईपर्यंत मागे लागावे. उपदेशकांस हे विशेष सोपे आहे, कारण ते वाडीवाडीवर फिरतात, त्यांस लिहिता येते, आणि लोक त्यांस आपले दुःख सांगतात.

मोशेच्या नियमशास्त्रात अनाथ व विधवा ह्यांच्या बरोबरीने परक्याचे नाव वारंवार येते, हे आपण जाणतोच. गोखले ख्रिस्ती नव्हते. परंतु ज्यांस त्यांनी कधी पाहिले नव्हते, ज्यांची भाषा त्यांस येत नव्हती, अशा तामिळ व तेलुगू मजुरांसाठी त्यांनी आपली प्रकृती खर्ची घातली. लाझरस बंधूजवळ दोन खोल्या होत्या, त्याने त्या दिल्या. टाटांजवळ सव्वा लाख रुपये होते, त्यांनी ते दिले. गोविंदरावांनी एके काळी पंधरांतून आठ रुपये दिले होते. आपल्या गावच्या वेशीवर ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबाचे नाव काय, ते कोठून आले व त्यांची मजुरी त्यांस मिळते की नाही, एवढे विचारण्यास तर एक पैसाही लागत नाही. आरंभ तेथून करावा.